साकवाचा पंधरावा कौल

दसऱ्याच्या सकाळी साडेदहाला सगुण कोरगावकर देवळाची पहिली पायरी चढला. त्याच्या हातात नारळ होता, बायको दोन पावलं मागे होती, आणि सत्तावीस वर्षांचं काम आपल्या नावावर राहतं की जातं, याचा निकाल लागायला दीड तास उरला होता.

यातले नारळ आणि बायको तेवढे पार्से गावातल्या लोकांना दिसत होते.

"मास्तर, साकव झालो?" पायरीवर केळीचे घड उतरवणाऱ्याने विचारलं.

"वायच रवला."

हा प्रश्न आणि 'थोडं राहिलं' हे उत्तर गावात इतकं झिजलं होतं की विचारणारा उत्तराची वाट बघत नसे. सगुण मात्र प्रत्येक वेळी थांबून उत्तर द्यायचा. आज तो न थांबता वर चढला.

सगुण पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये इन्स्ट्रक्टर होता, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. अठ्ठ्याण्णव साली लोक नवीन संगणकाला हळदकुंकू लावत होते, तेव्हा याने एक कर्नल लिहायला घेतला. कर्नल म्हणजे संगणकाचा सगळ्यात आतला गाभा. वरचे प्रोग्रॅम मागतात, खालचं यंत्र देतं, मधली सगळी ने-आण हा करतो. ओढ्यावर फळ्या टाकून करतात त्या पुलावरून त्याने नाव ठेवलं साकव. कल्पना देखणी होती, एवढं हसणारेही कबूल करत. डिस्क सांभाळणारा भाग वेगळा, कीबोर्डचा वेगळा, नेटवर्कचा वेगळा. एक फळी मोडली तर तेवढी बदलायची, बाकीच्या फळ्यांवरून चालणारा माणूस ओढ्यात पडत नाही. जगाला तेवढा धीर नव्हता. जगाने एकसंध काँक्रीट ओतून पूल केला आणि त्यावरून ट्रक नेले. सगुणचा साकव ०.९ या आकड्यावर उभाच होता.

आणि तो मुक्त होता. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, बदलावा, पुढच्याला तसाच मुक्त द्यावा, असा परवाना सगुणने स्वतः निवडला होता. या मुक्तपणाचा त्याला सत्तावीस वर्षं अभिमान होता. त्याचा अर्थ काय होतो, ते मात्र त्याला गेल्या मंगळवारी कळलं.

मंगळवारी गौरेशचं पत्र आलं. गौरेश डिचोलीचा, सगुणचाच विद्यार्थी. औद्योगिक वसाहतीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे, तिथे तो शेतातल्या सौर पंपांचे कंट्रोलर बनवतो. नऊ वर्षं रात्रीचा दिवस करून साकवाच्या निम्म्याअधिक फळ्या त्यानेच ठोकल्या होत्या. पत्र साकवाच्या सगळ्या अकरा सहकाऱ्यांना होतं आणि चार ओळींचं होतं. दसऱ्याला दुपारी बारापर्यंत सरांनी १.० जाहीर केलं नाही, तर आम्ही साकव घेऊन वेगळे होऊ. नाव नवं ठेवू. आठ जणांची संमती आहे. राग नसावा.

ही चोरी नव्हती. आपणच कुलपाशिवाय बांधलेल्या घरातून कुणी सामान नेलं तर फिर्याद कुणाकडे करायची? मागे उरले असते सगुण आणि दोन जण. त्यातला एक वर्षातून एकदा उगवून स्पेलिंग दुरुस्त करायचा, दुसरा उगवायचाच नाही. साकव म्हणजे सगुण, असं सत्तावीस वर्षं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. बारानंतर साकव म्हणजे गौरेशने जे काही नाव ठेवलं असेल ते.

"पत्रिका तरी छापून धाडली त्यान," त्याची बायको विनोदिनी म्हणाली होती. "आताची पोरां तितकाय करीत नाय."

विनोदिनी पोस्टात होती, तीस वर्षं खिडकीमागे बसून तिने माणसं वाचली. बोलायची कमी. बोलली की मात्र ऐकणाऱ्याला पोचपावती द्यावी लागायची.

मग सगुणने सरळ १.० जाहीर का करू नये? तीन आज्ञा द्यायच्या, एक पत्र लिहायचं, संपलं. गावाला, गौरेशला, जर्मनीतल्या एका सहकाऱ्याला, सगळ्यांना हाच प्रश्न होता. उत्तर वाळपईला होतं.

वाळपईचा सुभाष हा सगुणचा हॉस्टेलमधला मित्र. पंधरा वर्षांपूर्वी त्याला सत्तरी तालुक्यातल्या म्हाताऱ्यांकडून गोळा केलेली धालोची, म्हणजे बायकांच्या रात्रीच्या नाचाची, गाणी संगणकावर उतरवायची होती. सगुणने मोठ्या दिमाखात त्याला साकव बसवून दिला. "घे रे, झालो पुरो!" सुभाष अकरा महिने टाइप करत बसला. एके दिवशी डिस्क सांभाळणारी फळी घसरली आणि भलत्याच जागी लिहीत सुटली. अकरा महिने गेले. गाणं सांगणाऱ्यांतल्या तिघी तोपर्यंत वारल्या होत्या. सगुण वाळपईला धावला. सुभाषने चहा दिला, म्हणाला, "जावं दी." त्यानंतर या विषयावर एक अक्षर नाही. उलट दर मे महिन्यात मानकुरादची पेटी यायची. सुभाष शिव्या देता तर सगुण शिव्या खाऊन मोकळा झाला असता. आंबे खाऊन माणूस मोकळा होत नाही.

त्या दिवसापासून "पुरा झाला" हे शब्द सगुणने तोंडातून काढले नाहीत. त्याने ते देवावर सोपवले.

गावदेवाचा कौल घ्यायची रीत जुनी आहे. गुरव मूर्तीच्या छातीवर उजव्या-डाव्या अंगाला पिटकोळीच्या तांबड्या फुलाची एकेक ओली कळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कळ्या लावल्या की प्रश्न आणि गाऱ्हाण्याखेरीज कुणी काही बोलायचं नाही, आणि ज्याचा कौल त्याने जागचं हलायचं नाही. लोक लग्नाचा कौल घेतात, विहिरीचा घेतात, हल्ली लिस्बनला जाण्याच्या कागदपत्रांचाही घेतात. सगुण दर दसऱ्याला साकवाचा घ्यायचा. चौदा दसरे झाले, चौदाही कौल डावे. मग तो सभामंडपात बसून लॅपटॉप उघडायचा आणि सहकाऱ्यांना कळवायचा, "यंदाही योग आला नाही." जर्मनीतला सहकारी 'योग' ही एखादी कडक तपासणी असावी असं समजून चौदा वर्षं मान डोलवत होता.

आजही लॅपटॉप विनोदिनीच्या पिशवीत होता, फुलांच्या पुडीखाली.

पायऱ्या संपल्या तिथे गौरेश उभा होता. हेल्मेट काखेत, डोळे तांबारलेले.

"सर." तो वाकला. पायांना हात लावला, पण वर बघितलं नाही. "काकी."

"डिचोलीहून येताना खाल्लंस काय?" विनोदिनीने विचारलं.

"नाही."

"मग भांडणार कसो? आधी उंडो खा." तिने पिशवीतून पाव काढून त्याच्या हातात दिला. गौरेशला तो नाकारता येईना आणि खाताही येईना. पाव तसाच हातात राहिला.

"सर, मी भांडायला नाही आलो. कोल्हापूरची पार्टी आहे, चारशे पंप. त्यांना साकव हवाय. पण कागदावर ०.९ बघून ते म्हणतात, अर्धवट माल नको. तीन वेळा थांबवलं मी त्यांना. आता ते थांबत नाहीत."

"आणि तू?"

"मी पण नाही."

सगुणने नारळ या हातातून त्या हातात घेतला. "बारा वाजता काय करणार?"

"मी काहीच नाही करणार. वर्कशॉपमधला संगणक करेल. तसं लावून आलोय. बाराच्या ठोक्याला तो बघेल. १.० दिसलं तर मला तेवढं कळवून गप्प बसेल. नाही दिसलं, तर घोषणा जाईल."

"म्हणजे तुझ्या हातात पण नाही."

"माझ्या हातात ठेवलं असतं तर मला जमलं नसतं, सर."

हे वाक्य सगुणला आवडलं आणि म्हणूनच जास्त लागलं. पोराला त्याने शिकवलं होतं ते पोराने नीट गिरवलं होतं. मनाचा भरवसा नसेल तिथे काम यंत्राला लावावं.

"चल तर," तो म्हणाला, "कौल बघ."

"बघतोच. आणि सर, आज प्रश्न मोठ्याने विचारा. नऊ वर्षं मी नुसतं 'योग नाही' वाचतोय. देव नेमकं कशाला नाही म्हणतो, ते मला ऐकायचंय."

आत जयराम गुरव घाईत होता. संध्याकाळी तरंगं, म्हणजे देवांचे उंच खांब, मिरवत निघायची होती, त्यांना नेसवायची लुगडी चौकात घडी मोडून पडली होती. "मास्तर, बेगीन! बारा वाजले काय मी कौल लावचंय नाय. मग देवाक काय तो हिशोब फुडल्या दसऱ्याक."

गर्भकुडीच्या, म्हणजे गाभाऱ्याच्या, दाराशी सगुण उभा राहिला. मागे गौरेश, खांबाला टेकून विनोदिनी. सव्वाअकरा. जयरामने दोन कळ्या पाण्यात बुडवून मूर्तीला लावल्या, तांबड्या कळ्या काळ्या दगडावर, आणि म्हणाला, "सांगा."

चौदा वर्षं सगुण हा प्रश्न ओठांतल्या ओठांत म्हणायचा. जयरामने कान पुढे केला की झालं. आज त्याने घसा साफ केला.

"साकवामध्ये आता एकही चूक उरलेली नाही, हे खरं काय?"

मागे कुणाचा तरी श्वास अडकल्यासारखा आवाज झाला. सगुणने वळून पाहिलं. गौरेशचं तोंड उघडं होतं, हात वर गेला होता. जयरामने बोट ओठांवर ठेवलं. कळ्या लागल्या होत्या. गौरेशने तोंड मिटलं.

गाऱ्हाणं झालं, सगुणने सवयीने "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि दोन मिनिटंही झाली नसतील, डावी कळी टपकन खाली पडली. इतक्या लवकर, की देव तिची वाट बघत बसला होता असं वाटावं.

"डावी," जयराम म्हणाला आणि पुढच्या कामाला लागला.

पंधरा. हे त्याला अपेक्षित नव्हतं असं नाही. पण चौदा वेळा 'पुढच्या दसऱ्याला' असं म्हणता येत होतं, आज पुढचा दसरा नव्हता.

"सर!" चौकात आल्याबरोबर गौरेश फुटला. "हा प्रश्न? चौदा वर्षं तुम्ही देवाला हा प्रश्न विचारता?"

"मग काय विचारू?"

"एकही चूक नाही असा प्रोग्रॅम जगात आहे का? तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला, की चुका सापडल्या नाहीत म्हणजे त्या नाहीत असं नव्हे? पहिल्या तासाला! मी वहीत लिहून घेतलंय! आपल्या यादीत आत्ता चारशे बारा चुका उघड्या आहेत. त्यातल्या दीडशे मी स्वतः नोंदवल्यात. आणि तुम्ही देवाला विचारता, एकही नाही ना?"

"सुभाषची गाणी—"

"ती फळी मी उखडून नवीन घातली, सर! आठ वर्षं झाली. एक अक्षर हरवलेलं नाही. तुम्हीच तपासलीत. सहा महिने तपासत होतात!"

सगुणने जयरामकडे पाहिलं. बुडत्याने काठाकडे बघावं तसं. "जयराम, तू काय म्हणतोस?"

जयराम लुगड्याची निरी धरून उभा होता. "मी काय म्हणतलंय? तुमी विचारलास, देवान सांगितल्यान. चवदा वर्सां तुमी त्येका सांगतास, खोटा बोल म्हणान. तो बोलणा नाय. ह्यात त्येचो काय गुन्याव?"

"मग तू एकदा तरी सांगायचंस!"

"माका खंय कोण विचारता? माझा काम कळी लावचा."

"आता वेगळा प्रश्न विचारतो. लाव कळ्या."

"नाय." जयराम पहिल्यांदाच ताठ झाला. "एक माणूस, एक विषय, एक कौल. आवडता उत्तर येयसर विचारीत रवलो तर तो कौल न्हय, जुगार."

अकरा एकवीस. बाहेर कुणीतरी ढोल ताणून बघत होतं. एकेक ठोका सगुणच्या बरगडीवर पडत होता. गौरेशने हेल्मेट उचललं. "मी निघतो, सर. इथे थांबून बारा वाजलेले बघणं मला नको."

"थांब रे." खांबाजवळून विनोदिनी बोलली. "जयराम, माणूस वेगळो आनी प्रश्न वेगळो, तर कौल लागता मरे?"

"लागता."

"मग ह्येचो लाव."

गौरेश हसला, त्या हसण्यात दम नव्हता. "काकी, माझा विश्वास नाही यावर."

"विश्वास खंय मागतंय मी? तू सरांच्या हातातला काढून घेतंस. घे. परवाना म्हणता घे, आठ जण म्हणतत घे. गावात बसून घेतंस तर गावच्या देवाक एकदां विचार. का एका कळीक भियेलंस?"

चौतीस वर्षांच्या, स्वतःचं वर्कशॉप असलेल्या पुरुषाला कळीला भिलास का म्हणून विचारल्यावर तो दुसरं काय करणार? गौरेशने हेल्मेट खाली ठेवलं आणि गर्भकुडीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"काय विचारतंस?" जयरामने कळ्या भिजवल्या. या खेपेला जरा जास्तच वेळ भिजवल्या.

गौरेशने दोनदा तोंड उघडलं. मग एका दमात म्हणून टाकलं, "सरांच्या हातून साकव घेऊन मी पुढे जाऊ का?"

अकरा बत्तीस. जयरामने कळ्या लावल्या, हात जोडले आणि आवाज लावला.

"हे गावदेवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चौकातल्या चार-सहा जणांनी साथ दिली.

"आज हो डिचोलेचो लेकरू तुज्या पायांकडे इलोसा..."

"व्हय म्हाराजा!"

"गुरून बांधलेलो साकव हातात घेवन फुडे जावक बघता. बरा काय वायट काय, ता तुजा तूच जाणतंस..."

"व्हय म्हाराजा!"

"आनी ह्यात काय चुकला-माकला आसात, अर्धामुर्धा रवला आसात, ता पदरात घी, आनी ह्या लेकराचा काम चलवन घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगुणचे ओठ हलले आणि मध्येच थांबले.

हेच शेवटचं कडवं त्याने चौदा वर्षं ऐकलं होतं. ऐकलं होतं म्हणजे कानांवरून गेलं होतं. प्रत्येक वेळी प्रश्न विचारायचा एकही चूक नाही ना, आणि त्याच दमात जयराम म्हणायचा चुकलंमाकलं पदरात घे, आणि सगुणच्या तोंडून 'व्हय म्हाराजा' जायचं. आणि साकवाच्या प्रत्येक फाइलच्या माथ्यावर, परवान्याच्या शेवटी, त्याने स्वतः चिकटवलेली ओळ होती. जसं आहे तसं दिलं आहे, कसलीही हमी नाही. दोन हजार फाइलींत ती त्याने डकवली असेल. वाचली एकदाही नसेल.

गर्भकुडीत शांतता होती. दोन्ही कळ्या चिकटलेल्या. गौरेश पाठमोरा, मान ताठ, शर्ट घामाने पाठीला लागलेला. त्याच्या हातात अजून तो पाव होता.

सगुणचा कौल संपला होता. त्याच्या हलण्याला कुणाची आडकाठी नव्हती. त्याने विनोदिनीकडे हात केला. तिने काही न विचारता फुलांच्या पुडीखालून लॅपटॉप काढून दिला. जणू ती पुडी त्यासाठीच बांधली होती.

सभामंडपात तो जमिनीवरच बसला. अकरा एक्केचाळीस. लॅपटॉपने जागं व्हायला एक मिनिट घेतलं. सगुणने फोनवरून नेटवर्क जोडायला घेतलं, तर फोनवर रेंजचा पत्ता नाही. तो उठून उंबऱ्यापर्यंत गेला, पायरीवर गेला, परत आला. नाही. त्याला आठवला तो दुसरा फोन गौरेशच्या खिशात होता, आणि गौरेश जागचा हलू शकत नव्हता. त्याला हाक मारणंही शक्य नव्हतं.

समोर एक फोन आला. विनोदिनीचा, चपट्या कव्हरचा, तिच्या भजनी मंडळाचे व्हिडिओ बघायचा. "माझ्यात आसा दोन काडी," ती कुजबुजली. "बाहेर तुळशीकडे बस."

तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर लॅपटॉप ठेवून त्याने उभ्याउभ्याच प्रकाशनाची आज्ञा दिली. अकरा एकोणपन्नास. पडद्यावर त्याच्याच मराठीतली ओळ उमटली.

*उघड्या चुका: ४१२. शून्य हव्यात. थांबलो.*

सुभाषकडून परत आलेल्या आठवड्यात त्याने ही चौकी बसवली होती. स्वतःवर विश्वास नव्हता म्हणून यंत्राला पहाऱ्यावर ठेवलं होतं. यंत्र इमानी निघालं. मालक विसरला तरी ते विसरलं नव्हतं.

ती ओळ कुठल्या फाइलीत होती? पहिल्या ठिकाणी नव्हती. दुसऱ्यात नव्हती. घामाने बोटं घसरत होती. ढोलवाल्याने आता दुसरा ढोल ताणायला घेतला होता. अकरा त्रेपन्न. आतून काही आवाज नाही, म्हणजे कळ्या तशाच होत्या. सापडली. साडेतीन ओळींची अट. त्याने ती निवडली, आणि बोट पुसायच्या कळीवर येऊन थांबलं.

सुभाषचा चहा आठवला. चहाच्या कपाला टवका उडालेला होता.

विनोदिनी बाजूला उभी होती. ती काही बोलली असती तर त्याला राग यायला जागा मिळाली असती, आणि रागात माणूस थांबतो. ती तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहिली.

त्याने अट पुसली.

मग त्याने प्रकाशनाच्या पत्रात नेहमीची 'योग आला नाही' ही ओळ काढली. तिच्या जागी लिहिलं, *साकव १.०. यात माहीत असलेल्या ४१२ चुका आहेत, यादी सोबत जोडली आहे. माहीत नसलेल्या किती, ते वापरणाऱ्यांनी सांगावं. डिस्कची प्रत ठेवून मगच वापरावा.* अकरा सत्तावन्न. सहीसाठी पासवर्ड मागितला. चुकला. परत मागितला. परत चुकला. तिसरा चुकला तर दहा मिनिटं दार बंद, हेही त्यानेच लिहिलं होतं. त्याने हात शर्टाला पुसले आणि एकेक अक्षर तोंडाने म्हणत दाबलं.

पडद्यावर गोल फिरायला लागला. विनोदिनीच्या फोनवरची एक काडी गेली. गोल फिरत होता. तिने फोन उचलून हात उंच केला, तुळशीच्याही वर, आरती धरावी तसा. काडी आली.

*गेलं.*

अकरा एकोणसाठ. सगुणने कठडा धरला आणि तो धरूनच उभा राहिला.

तो चौकात परतला तेव्हा बारा वाजून गेले होते. गौरेश होता तिथेच होता. खिशात त्याचा फोन थरथरला असणार, कारण त्याचा हात दोनदा खिशाकडे गेला आणि दोनदा मागे आला. विश्वास नसलेला माणूस विश्वास असलेल्या माणसापेक्षा ताठ उभा होता. बारा वाजून चार मिनिटांनी कळी पडली.

"उजवी," जयराम म्हणाला. "घे, बाबू. देव म्हणता, घे."

गौरेशने आधी फोन काढला. वर्कशॉपच्या संगणकाने एकच ओळ धाडली होती. त्याने ती दोनदा वाचली, मग मागे वळून सगुणकडे पाहिलं. त्याचा चेहरा विसर्जनाहून परतलेल्या माणसासारखा झाला होता, रिकामा आणि ओला.

"आता काय घेऊ?" तो म्हणाला. "सरांनी आधीच दिला."

"चारशे बारा चुका आहेत," सगुण म्हणाला. "त्या घे. दीडशे तुझ्याच आहेत."

"एकशे अठ्ठेचाळीस." आणि मग गौरेशने, नऊ वर्षांत पहिल्यांदा सरांसमोर, तोंड भरून पाव खाल्ला.

जयराम लुगड्यांकडे वळला. वळता वळता म्हणाला, "वयनी, कळी जास्त भिजली काय उशिरां पडता, काय वो?"

"माका काय कळता त्यातला?" विनोदिनी म्हणाली. "तुझा काम कळी लावचा."

देवळाबाहेर येऊन सगुण पायरीवर टेकला. केळीवाला अजून तिथेच होता. "मास्तर, साकव झालो?" त्याने सवयीने विचारलं आणि घड मोजायला लागला.

"झालो," सगुण म्हणाला. केळीवाल्याने ऐकलं नाही.

विनोदिनीच्या हातातला फोन वाजला. सगुणचं टपाल तिच्या फोनवरही येत असे. तिने चष्मा वर केला, बघितलं, आणि फोन त्याच्यासमोर धरला. पत्र सहकाऱ्यांच्या यादीवरचं होतं, पाठवणारा सुभाष. त्या यादीत सुभाषचं नाव आहे, हे सगुणला ठाऊकच नव्हतं. पंधरा वर्षांत सुभाषने तिथे एक शब्द लिहिला नव्हता.

दोनच ओळी होत्या.

*घरच्या संगणकावर आज बसवून बघतो. या वेळी आधी प्रत काढून ठेवली आहे.*